स्टॉकहोमपासून उत्तनपर्यंत

२०२५ च्या आगमनकाळात बेव्हर्ली पार्कमधील एका कुटुंबाकडे सायंप्रार्थनेसाठी गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा आला आणि घरातील ज्येष्ठ गृहस्थांनी हातातले वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे हवामानविषयक जागतिक परिषद होऊन गेली होती. तिला महिना होतो न होतो तोच मुंबई उच्च न्यायालयाने वर्सोवा ते भाईंदर या सागरी मार्गाला अटींसह परवानगी दिल्याची बातमी आली होती. त्या मार्गामुळे सुमारे ४५ हजार तिवरांना बाधा पोहोचणार होती.

“फादर,” ते म्हणाले, “तिकडे साऱ्या जगाची माणसे जमली, दोन आठवडे बोलली. इकडे आपल्या खाडीतली तिवरे जाणार. मग त्या बोलण्याचा उपयोग काय? हे लोक दरवर्षी कशासाठी जमतात?”

मी काहीतरी उत्तर दिले. देवावर भरवसा ठेवावा, माणसाने आपापले कर्तव्य करीत राहावे, अशा अर्थाची चार वाक्ये बोललो. त्यांनी मान डोलावली. परंतु त्यांचे समाधान झालेले नाही, हे मला दिसत होते. जिना उतरताना माझेही समाधान झालेले नव्हते. प्रश्न इतिहासाचा होता आणि मी त्याला उपदेशाने उत्तर दिले होते. पुढील काही आठवडे सवड मिळेल तसा मी या परिषदांचा इतिहास वाचीत गेलो. त्या संध्याकाळी जे सांगायला हवे होते, ते आज येथे मांडीत आहे.

पायाखालची जमीन

प्रथम आपण जेथे उभे आहोत ती जमीन पाहू. मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी आहे, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई, मनोरी ही आपल्या कोळी आणि शेतकरी ख्रिस्ती बांधवांची जुनी गावे ज्या भूभागावर वसली आहेत, त्याला धारावी बेट म्हणतात. या गावांपासून डोंगरांपर्यंतच्या सखल पट्ट्यात एकेकाळी भातखाचरे, खाजणे आणि मिठागरे होती. भाईंदरचे नाव दूरदूर गेले होते ते मिठामुळे.

१९८५ साली येथे नगरपरिषद आली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती; २००१ साली ती ५ लाख २० हजारांच्या घरात गेली आणि २०११ साली ८ लाखांच्या पुढे. बेव्हर्ली पार्क हे विलायती नाव मिरवणारी वस्ती याच वाढीचे अपत्य होय. मुंबईत दोन खोल्या घेणेही ज्यांना परवडेनासे झाले, अशा शेकडो ख्रिस्ती कुटुंबांना या परिसरात हक्काचे छप्पर मिळाले. ही गोष्ट हलकी लेखण्यासारखी नाही. ज्यांनी आयुष्यभर पै पै साठवून येथे घर घेतले, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही.

परंतु खाजण म्हणजे पडीक जागा नव्हे, हे आपल्याला उशिरा कळले. भरतीचे आणि पावसाचे पाणी विसावते ते खाजणात. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. हवेतला कार्बन शोषून तो चिखलात खोल साठवून ठेवण्यात फार थोडी झाडे तिवरांची बरोबरी करू शकतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी पाणी आपली जुनी जागा शोधीत मुंबई आणि उपनगरांतील घराघरांत शिरले. जे पाणी खाजणात विसावले असते, ते आपल्या तळमजल्यांवर आले.

एका परिषदेचे लांबलेले फळ

५ ते १६ जून १९७२ या काळात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी जागतिक परिषद भरली. यजमान देशाचे पंतप्रधान वगळता तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. श्रीमंत राष्ट्रे प्रदूषणाची चिंता करीत होती. ज्यांच्या घरी अन्न नाही आणि प्यायला स्वच्छ पाणी नाही, त्यांच्याशी पर्यावरणाची भाषा कशी बोलणार, असा प्रश्न त्यांनी १४ जूनच्या भाषणात विचारला. दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा विचार एकत्रच करावा लागेल, हा भारताचा आग्रह तेथून सुरू झाला. पुढच्या प्रत्येक परिषदेत तो कोणत्या ना कोणत्या रूपाने ऐकू येत राहिला.

स्टॉकहोमची परिषद संपली तेव्हा हाती काय आले? एक जाहीरनामा, शिफारशींची एक यादी आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम. त्या दिवशी जगातला एकही धुराडा थांबला नाही. आपल्या बेव्हर्ली पार्कच्या गृहस्थांनी तेव्हा विचारले असते, तर त्यांना ‘उपयोग काही नाही’ असेच उत्तर मिळाले असते.

पुढे काय घडले ते पाहा. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे शासनाचे आणि नागरिकांचेही कर्तव्य ठरविले. १९८१ साली हवेचा कायदा आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवावा, असे त्यात म्हटले होते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली आणि १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा संमत झाला. या कायद्याच्या प्रस्तावनेत स्टॉकहोम परिषदेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचे कारण आपल्या राज्यघटनेत आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेत घेतलेला निर्णय अमलात आणण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार कलम २५३ संसदेला देते. एरवी राज्यांच्या अखत्यारीत असलेल्या विषयांवरही तो चालतो. स्टॉकहोमच्या कोऱ्या दिसणाऱ्या कागदाने दिल्लीच्या हाती ही किल्ली दिली.

याच कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी सागरी किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. आपण जिला ‘सीआरझेड’ म्हणतो ती हीच. तिने तिवरांच्या वनांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले. कागदावर तिवरे वाचली. प्रत्यक्षात त्यांच्यावर रात्री मातीचे डंपर रिकामे होत राहिले.

कागदाला हात फुटले ते आणखी काही वर्षांनी. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ६ ऑक्टोबर २००५ रोजी, म्हणजे त्या महापुरानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, न्यायालयाने महाराष्ट्रभर तिवरे तोडण्यास आणि त्यांच्याभोवती ५० मीटरांच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली. शासकीय जमिनीवरील तिवरांना संरक्षित वनाचा दर्जा देण्याचा आदेशही दिला. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तर तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचाच भंग ठरविला. केवळ सार्वजनिक हितासाठी, आणि तेही न्यायालयाच्या परवानगीने, तिवरांना हात लावता येईल असे त्याने बजावले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात १८६ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले होते. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झाले. मोजणीच्या सुधारलेल्या साधनांचा या वाढीत वाटा आहे. तरीही ज्या किनाऱ्यावर जमिनीला सोन्याचा भाव आहे तेथे हा आकडा घटला नाही, हे लक्षणीय आहे.

स्टॉकहोमच्या सभागृहापासून भाईंदरच्या खाडीतील चिखलापर्यंत पोहोचण्यास त्या शब्दाला ३३ वर्षे लागली. त्या संध्याकाळच्या बातमीचा अर्थही आता वेगळा दिसू लागतो. सागरी मार्गासाठी महापालिकेला न्यायालयात जावे लागले, कारणे द्यावी लागली, झाडे मोजावी लागली, नव्या लागवडीचे वचन द्यावे लागले. परवानगी मिळाली हे खरे. पण ती मागावी लागली. चाळीस वर्षांपूर्वी कोणी कोणाला विचारले नसते. अर्थात, विचारले म्हणून झाड वाचत नाही आणि वचन दिले म्हणून नवे झाड जगत नाही. त्या वचनावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न उरतोच. त्याकडे आपण शेवटी येऊ.

यशस्वी झालेला करार

परिषदांची थट्टा करणाऱ्यांनी एक नाव विसरू नये: कॅनडातील माँट्रिअल. आपल्या घरातील फ्रीजमध्ये आणि फवारण्याच्या डब्यांत पूर्वी जे वायू वापरीत, ते आकाशात जाऊन ओझोनचे कवच विरघळवितात, असा इशारा १९७४ साली शास्त्रज्ञांनी दिला. १९८५ साली दक्षिण ध्रुवावरील ओझोनला पडलेले भगदाड प्रसिद्धीस आले. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रिअलचा करार झाला.

भारताने प्रथम सही केली नाही. हे वायू श्रीमंत देशांनी सोडले; ते बंद करण्याचा खर्च गरिबांनी का सोसावा, हा आपला सवाल होता. १९९० साली लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांसाठी निधी उभारण्याचे ठरले आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. या करारामुळे ओझोनला घातक असलेल्या पदार्थांचे सुमारे ९९ टक्के उत्पादन जगातून बंद झाले. दक्षिण ध्रुवावरील कवच या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात पूर्ववत होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या घरातील फ्रीज बदलला आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागला नाही. यशस्वी झालेल्या कराराची हीच खूण असावी.

माँट्रिअलला जे साधले ते कशामुळे? ते घातक वायू तयार करणारे कारखाने मोजके होते. त्यांना पर्याय हाताशी होते. करार न पाळणाऱ्यांशी त्या मालाचा व्यापार बंद करण्याची तरतूद होती. आणि ज्याने जास्त बिघडविले त्याने जास्त भरावे, हा न्याय केवळ बोलला गेला नाही. त्यासाठी पैसा खरोखर बाजूला काढला गेला. या चार गोष्टी लक्षात ठेवू. कारण हवामानाच्या परिषदांत नेमक्या याच गोष्टी अपुऱ्या पडल्या.

रिओपासून बेलेमपर्यंत

जून १९९२ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे वसुंधरा परिषद भरली आणि हवामानबदलाचा मूळ करार तेथे सह्यांसाठी खुला झाला. स्टॉकहोममध्ये भारताने जो मुद्दा मांडला होता, तो या करारात तत्त्व म्हणून आला: जबाबदारी सर्वांची आहे, मात्र प्रत्येकाचा वाटा त्याच्या करणीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वेगळा असेल. भारताने १९९३ साली त्यास मान्यता दिली. १९९५ साली बर्लिनला पहिली वार्षिक परिषद झाली, बेलेमची तिसावी.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमधील क्योटो येथे विकसित देशांनी आपले उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले. परंतु अमेरिकेने २००१ साली अंग काढून घेतले. करार अमलात येईपर्यंत फेब्रुवारी २००५ उजाडला. त्याच वर्षी जुलैत आपण गुडघाभर पाण्यात उभे होतो. २००२ साली आठवी परिषद आपल्या दिल्लीत झाली. तिच्या जाहीरनाम्याने गरीब देशांच्या विकासाचा प्रश्न पुढे आणला. उत्सर्जनाचे नवे बंधन कोणीच स्वीकारले नाही. २००९ साली कोपनहेगनला मोठ्या अपेक्षेने जग जमले आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. तेथे एक वचन मात्र दिले गेले: २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १० हजार कोटी डॉलर उभे करू. ते वचन पुरे झाले २०२२ साली, म्हणजे दोन वर्षे उशिरा, आणि त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपाने.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसचा करार झाला. पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली राखावी आणि शक्य तर दीड अंशावर रोखावी, हे ध्येय ठरले. परंतु प्रत्येक देशाने आपला वाटा आपणच ठरवायचा होता आणि तो पुरा न केल्यास दंड नव्हता. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, करारास मान्यता दिली. अमेरिका या करारातून एकदा बाहेर पडली, परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

२०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. त्याच परिषदेच्या अखेरच्या क्षणी, कोळसा ‘बंद करण्या’ऐवजी ‘कमी करण्या’चा शब्द मसुद्यात घालण्याचा आग्रहही भारतानेच धरला. २०२२ साली इजिप्तमध्ये, हवामानाच्या आपत्तीत होरपळलेल्या देशांसाठी भरपाई निधी मान्य झाला. पुढल्या वर्षी दुबईत तो सुरू झाला, तेव्हा त्यात जमलेली वचने सुमारे ७० कोटी डॉलरची होती. एका मोठ्या वादळाचे नुकसान याहून अधिक असते. दुबईतच खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख प्रथमच अंतिम मसुद्यात आला. या परिषदेचे अध्यक्षपद एका तेलकंपनीच्या प्रमुखाकडे होते, हेही नोंदविले पाहिजे. २०२४ साली बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला १ लाख ३० हजार कोटी डॉलर मागितले. २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी उभे करण्याचे आश्वासन तेवढे मिळाले. भारताने तेथेच त्यावर तीव्र नापसंती नोंदविली. बेलेममध्ये तर खनिज इंधने कशी सोडायची याचा मार्ग आखण्याचे कलमही अंतिम मसुद्यातून गळाले.

हिशेबाच्या दोन बाजू

आता हिशेब मांडू. रिओच्या वेळी हवेतील कर्ब वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३५६ होते. २०२४ साली ते ४२० च्या पलीकडे गेले. खनिज इंधनांतून होणारे जगाचे वार्षिक उत्सर्जन १९९० च्या दीडपटीहून अधिक झाले. २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. ही बाजू पाहिली, तर आपल्या गृहस्थांचा वैताग रास्त आहे.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पॅरिसच्या वेळी जगाची वाट शतकाच्या अखेरीस तीन ते साडेतीन अंश तापमानवाढीकडे जात होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार सध्याची धोरणे तशीच चालू राहिली तर ती २.८ अंशांच्या आसपास राहील. हा आकडा भयंकर आहे. तरी तो पूर्वीपेक्षा कमी आहे, आणि अंशाच्या प्रत्येक दशांशात कोळीवाड्यांचे, शेतांचे, माणसांचे प्राण आहेत. भारतात वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ साली खनिजेतर साधनांची झाली. २०३० सालचे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. मात्र प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचाच वाटा मोठा राहिला. आपण एकाच वेळी शाबासकीचे आणि कानउघाडणीचे धनी आहोत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, दुबईच्या परिषदेपूर्वी, ‘लाउदाते देउम’ हे पत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी या परिषदांचा इतिहास एखाद्या इतिहासकाराप्रमाणे तपासला आहे. देखरेखीची आणि शिक्षेची व्यवस्था नसल्यामुळे करार कमकुवत राहिले, आणि राष्ट्रांनी आपले हित सर्वांच्या हिताच्या वर ठेवले, असे निदान त्यांनी केले. तरीही आशा सोडणे हा आत्मघात ठरेल आणि त्याची सर्वांत मोठी किंमत गरिबांना मोजावी लागेल, असेही त्यांनी बजावले.

मला येथे प्रभूने सांगितलेला दोन पुत्रांचा दाखला आठवतो. पित्याने मळ्यात जाऊन काम करण्यास सांगितले. एकाने आधी नकार दिला, पण मागाहून तो गेला. दुसऱ्याने ‘होय’ म्हटले, पण तो गेला नाही. तीस परिषदांत राष्ट्रांनी बहुतेक वेळा दुसऱ्या पुत्रासारखे वर्तन केले. परंतु त्या दाखल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पित्याने बोलावले होते. बोलावणेच झाले नसते, तर कोण गेला आणि कोण गेला नाही हे ठरविता आले नसते. परिषद हे ते बोलावणे आहे. तेथे दिलेला शब्द लिहून ठेवला जातो आणि पुढे कोणीतरी तो दाखवून जाब विचारू शकतो. स्वतःच्या बळावर परिषद एक तिवरही वाचवू शकत नाही. पण ज्या शब्दाच्या आधारे तिवर वाचविता येते, तो शब्द बहुधा अशाच ठिकाणी जन्माला येतो.

शब्द धरून बसणारी माणसे मात्र गावातच लागतात. खाडीपलीकडच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत लोकांना उभे केले, ते विहिरी, बागायती आणि हिरवा पट्टा राखण्यासाठी. २५ जुलै २०२४ रोजी ते आपल्यातून गेले. त्यांच्या चळवळीला सगळेच यश मिळाले असे नाही. पण कायद्याचे पुस्तक आणि गावकऱ्यांचा आग्रह एकत्र आल्याखेरीज कोणताही हिरवा पट्टा वाचत नाही, हे तिने आपल्या समाजाला शिकविले.

उत्तनचा डोंगर

आता शेवटची आणि मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट.

मीरा-भाईंदर शहराचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर जात आला. तेथे कचऱ्याचे ढीग साचले, ते पुनःपुन्हा पेटले, धूर गावांवर पसरला, पावसाळ्यात काळे पाणी डोंगर उतरून शेतांकडे आले. उत्तन परिसरातील ग्रामस्थांनी मोर्चे काढले, न्यायासनापर्यंत धाव घेतली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा होड्या आणि घरे यांची काळजी ज्यांना रात्रभर झोपू देत नव्हती, तीही हीच माणसे.

तेथील एका वृद्ध कोळी बांधवाने एकदा मला विचारले होते, “फादर, शहराची घरे तुमची, कचरा तुमचा, मग वास आमच्याच नशिबी का?” त्या वेळीही मी गप्प राहिलो होतो. रिओमध्ये गरीब राष्ट्रांनी श्रीमंत राष्ट्रांना याहून वेगळे काही विचारले नव्हते. ज्याने बिघडविले त्याने भरावे, हे तत्त्व आपण अमेरिकेला आणि युरोपला ऐकवितो, आणि ते रास्तच आहे. परंतु या शहरापुरते पाहिले, तर बेव्हर्ली पार्क हे श्रीमंत राष्ट्र आहे आणि उत्तन हे भरपाई मागणारे बेट. दोन्ही ठिकाणी एकच मिस्सा होते, एकाच क्रुसाची खूण केली जाते. आमच्या धर्मगुरुनिवासातही बरीच वर्षे ओला-सुका कचरा एकाच पिशवीत बांधला जात होता, हे मी येथे कबूल करतो.

१९८६ च्या ज्या कायद्यातून तिवरांचे संरक्षण आले, त्याच कायद्याखाली २०१६ साली घनकचऱ्याचे नियम निघाले. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन त्यांनी प्रत्येक कुटुंबावर घातले. मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असेही सांगितले. स्टॉकहोमचा शब्द ४४ वर्षे प्रवास करीत बेव्हर्ली पार्कच्या दारात येऊन पोहोचला तो असा, स्वयंपाकघरातील दोन बादल्यांच्या रूपाने. आता ‘होय’ म्हणून न जाणारा पुत्र कोण, हे पाहण्यासाठी बेलेमपर्यंत जाण्याची गरज नाही.

काही दिवसांपूर्वी त्याच गृहस्थांकडे पुन्हा गेलो आणि हे सारे त्यांना थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हणजे फादर, परिषदेचा उपयोग आहे की नाही, ते आपल्यावर ठरणार?” मी म्हटले, सगळे आपल्यावर नाही, कोळशाच्या खाणी आणि तेलाच्या विहिरी आपल्या हाती नाहीत, आणि ज्यांच्या हाती आहेत त्यांना जाब विचारणे चालूच राहिले पाहिजे. पण धावगीचा डोंगर काही अंशी आपल्या हाती आहे. आणि सागरी मार्गाच्या बदल्यात लावावयाची तिवरे लागली की नाहीत, जगली की नाहीत, हे दरवर्षी जाऊन पाहणे तर नक्कीच आपल्या हाती आहे.

पुढच्या रविवारी त्यांच्या सोसायटीची सभा होती. विषयपत्रिकेवर कचऱ्याचा विषय घालण्यासाठी सचिवांना पत्र लिहितो, असे ते म्हणाले. ते पत्र त्यांनी लिहिले आहे. सभेत काय ठरले ते मला अजून कळलेले नाही.